डॉकिंगचा स्कोअर –९.८ आला, पण रेणू बसला कुठे?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारी विद्यार्थिनी मूळची शहाद्याकडची, शिरपूरला एम.फार्म. करते. धडगाव, मोलगी, अक्कलकुवा या पट्ट्यातल्या पावरा आणि भिल्ल कुटुंबांतला सिकलसेल तिने लहानपणापासून पाहिला आहे, म्हणून प्रोजेक्टला तोच विषय घेतला. व्हॅनिलिनच्या सांगाड्यावर तिने चाळीसेक नवे आल्डिहाइड कागदावर तयार केले. मग पीडीबी या प्रोटीन-रचनांच्या खुल्या संग्रहातून सिकल हिमोग्लोबिनची २एचबीएस ही रचना उतरवून घेतली आणि ऑटोडॉक व्हिना या प्रोग्रॅमने डॉकिंग केलं, म्हणजे रेणू प्रोटीनमध्ये कुठे आणि किती घट्ट बसेल याचा संगणकावर अंदाज घेतला. सगळ्यात चांगल्या रेणूचा स्कोअर –९.८ आला (आकडा जितका जास्त ऋण, तितकं बंधन घट्ट), तुलनेला घेतलेल्या हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलच्या औषधाचा जेमतेम –३.६. बंधांच्या तक्त्यात अल्फा साखळीतले फेनिलअ‍ॅलनिन ४३, हिस्टिडीन ५८, व्हॅलीन ६२ आणि हिस्टिडीन ८७ दिसतात. गाइड म्हणतात, १० नॅनोसेकंदांचं एमडी (मॉलिक्युलर डायनॅमिक्स, अणूंच्या हालचालींचं संगणकावरचं अनुकरण) जोडा आणि पेपर पाठवा. तिचा प्रश्न: एवढं पुरेल का?

नाही पुरणार, आणि एमडीही आत्ताच लावू नका. विषय चांगला निवडलात आणि रेणूंची दिशाही बरोबर आहे, म्हणूनच थोडं लांबलचक लिहितो.

तुमच्या तक्त्यातली ती चार नावं पुन्हा वाचा. हिस्टिडीन ८७ म्हणजे अल्फा साखळीतला तो हिस्टिडीन, ज्याला हीमचं, म्हणजे ऑक्सिजन धरणाऱ्या वलयाचं, लोह बांधलेलं असतं. हिस्टिडीन ५८ त्याच्या समोरच्या बाजूला, ऑक्सिजन येऊन बसतो तिथे. फेनिलअ‍ॅलनिन ४३ आणि व्हॅलीन ६२ त्याच खोबणीच्या भिंतीत आहेत. म्हणजे तुमचा रेणू हीमच्या जागेवर जाऊन बसला आहे. ती जागा रिकामी कशी झाली? प्रोटीन तयार करताना 'पाणी आणि सगळे हेटेरोअ‍ॅटम काढून टाका' ही पायरी केली असणार. यूट्यूबवरच्या बहुतेक धड्यांत ती डोळे मिटून सांगितलेली असते. पीडीबीच्या फाइलमध्ये हीमसुद्धा हेटेरोअ‍ॅटम म्हणूनच नोंदलेला असतो. पाण्याबरोबर चारही हीम गेले आणि चार खोल, तेलकट, चारी बाजूंनी बंद खोबणी उघड्या पडल्या. सपाट सुगंधी वलयाला याहून सोयीची जागा हिमोग्लोबिनमध्ये नाही. –९.८ तिथून आला. रुग्णाच्या रक्तात ती जागा हीमने भरलेली असते, तुमच्या रेणूला तिथे पाय ठेवायलाही वाव नाही.

हे तपासायला पाच मिनिटं लागतात. मूळ २एचबीएस आणि तुमची सर्वांत चांगली पोझ (रेणू बसण्याची मांडणी) पायमॉल किंवा कायमेरा या रचना दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एकाच चौकटीत उघडा आणि हीम दाखवा. रेणू आणि हीम एकमेकांतून आरपार गेलेले दिसतील. डॉकिंगचा कोणताही निकाल पाहताना माझी पहिली सवय हीच आहे: स्कोअरचा रकाना झाकायचा आणि पोझ फिरवून फिरवून पाहायची. रेणूचा कुठला भाग प्रोटीनमध्ये पुरलेला आहे, कुठला पाण्यात लोंबतोय, हायड्रोजन बंधांचे कोन खरे वाटतात का, तेलकट भाग विनाकारण पाण्याकडे तोंड करून आहे का. हे पाहिल्यावरच आकड्याकडे जायचं.

दुसरी गोष्ट ग्रिड बॉक्सची, म्हणजे व्हिना जेवढ्या जागेत शोध घेते त्या पेटीची. तुम्ही अख्खं प्रोटीन बॉक्समध्ये घेतलं असावं, नाहीतर रेणू हीमच्या खोबणीपर्यंत पोचलाच नसता. हिमोग्लोबिनचा एक चतुष्क (चार साखळ्यांचा पूर्ण रेणू) साधारण ६४ × ५५ × ५० अँगस्ट्रॉमचा असतो, म्हणजे नुसता तेवढाच बॉक्स धरला तरी पावणेदोन लाख घन अँगस्ट्रॉमच्या वर जातो. व्हिना २७,००० घन अँगस्ट्रॉमच्या पुढे इशारा देते, कारण तेवढ्या जागेत नेहमीचा शोध अपुरा पडतो. शिवाय २एचबीएसच्या फाइलमध्ये एक सोडून दोन चतुष्क आहेत. सिकल हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना कसे चिकटतात हे दाखवणारी ती रचना आहे, तिचं मोल त्यासाठीच आहे. जागा माहीत नसताना आंधळं डॉकिंग करावं लागतं, मान्य. पण तुमच्या बाबतीत जागा माहीत आहे.

ती कोणती, ते सांगतो, कारण तुमच्या कामाचा कणा तिथेच आहे. व्हॅनिलिन, ५-एचएमएफ (हायड्रॉक्सिमिथिलफरफ्युरल) आणि पुढे सिकलसेलवर औषध म्हणून आलेला व्हॉक्सेलोटर, हे सगळे आल्डिहाइड हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीच्या अगदी पहिल्या अमिनो आम्लाशी, व्हॅलीन १ शी गाठ घालतात. दोन अल्फा साखळ्यांची ही टोकं हिमोग्लोबिनच्या मधल्या, पाण्याने भरलेल्या पोकळीच्या तोंडाशी समोरासमोर येतात. आल्डिहाइडचा कार्बन व्हॅलीनच्या नायट्रोजनशी जोडला जातो, पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि इमाइन तयार होतं. हा खरा रासायनिक बंध आहे, पण उलटणारा. ऑक्सिजन धरलेल्या हिमोग्लोबिनचा आकार वेगळा (त्याला आर म्हणतात), ऑक्सिजन सोडलेल्याचा वेगळा (टी). सिकल हिमोग्लोबिनच्या दोऱ्या टी स्थितीत वळल्या जातात: बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी आलेला व्हॅलीन शेजारच्या रेणूच्या फेनिलअ‍ॅलनिन ८५ आणि ल्युसीन ८८ यांच्यामधल्या खाचेत घुसतो. व्हॉक्सेलोटरसारखा रेणू आर स्थितीला धरून ठेवतो, त्यामुळे दोऱ्या वळायलाच उशीर होतो.

आता तुमची निवड पाहा. २एचबीएस ही ऑक्सिजन नसलेल्या, टी स्थितीतल्या सिकल हिमोग्लोबिनची रचना आहे, २.०५ अँगस्ट्रॉमची, दर्जा उत्तम. पण ज्या आकाराला धरून ठेवणारा रेणू तुम्हाला हवा आहे, तो आकार त्यात नाहीच. नावात 'सिकल' आहे म्हणून ती घेतली जाते, हे मी अनेक प्रबंधांत पाहिलं आहे. तुमच्या कामासाठी पीडीबीमधली ५ई८३ ही रचना घ्या. त्यात आर स्थितीतलं सिकल हिमोग्लोबिन आहे आणि व्हॉक्सेलोटर त्यात बसलेला आहे. जिथे खरा रेणू खऱ्या स्फटिकात बसलेला दिसतो, तिथून सुरुवात करण्यासारखं सुख नाही. हीम ठेवा, चारही साखळ्या ठेवा. दुसरी एखादी रचना वापरायची ठरली तर एक पाहून घ्या: हिमोग्लोबिनच्या काही नोंदींत अर्धाच रेणू असतो, एक अल्फा आणि एक बीटा, आणि उरलेला अर्धा सममितीने उभा करावा लागतो. तो विसरलात तर मधली पोकळीच अर्धी होते. त्यासाठी 'बायॉलॉजिकल असेंब्ली'ची फाइल उतरवायची.

आता मुख्य अडचण. व्हिना रासायनिक बंध करत नाही. तिच्या हिशेबात अणू जवळ आले की आकर्षण, फार जवळ आले की ढकलाढकली, तेलकटाला तेलकट, हायड्रोजन बंध, आणि रेणू जितक्या ठिकाणी वळू शकतो त्याचा थोडा दंड, एवढंच आहे. विद्युतभारही ती विचारात घेत नाही. त्यामुळे व्हॉक्सेलोटर ज्या एका गोष्टीवर उभा आहे, ती इमाइनची गाठ, ती व्हिनाला दिसतच नाही. तुमच्या चाळीस रेणूंपैकी कुणाचा आल्डिहाइड सहज इमाइन करेल आणि कुणाचा नाही, याबद्दल स्कोअर एक अक्षर बोलत नाही. उदाहरण घ्या: व्हॉक्सेलोटरमध्ये आल्डिहाइडच्या अगदी शेजारच्या कार्बनवर हायड्रॉक्सिल आहे. इमाइन झालं की तो हायड्रॉक्सिल त्याच्या नायट्रोजनला हायड्रोजन बंधाने धरतो आणि गाठ टिकते. व्हॅनिलिनमध्ये हायड्रॉक्सिल समोरच्या टोकाला आहे, तिथून हा आधार मिळत नाही. तुम्ही व्हॅनिलिनचा सांगाडा जसाच्या तसा ठेवून नुसत्या शेपट्या बदलल्या असतील, तर हा हायड्रॉक्सिल शेजारी आणून पाहणं हा माझा तुम्हाला पहिला रसायनाचा सल्ला. व्हिना या दोन रेणूंमध्ये दशांशाचाही फरक दाखवणार नाही कदाचित, पण फ्लास्कमध्ये फरक दिसेल.

मग संगणकावर काय करायचं? दोन वाटा आहेत आणि दोन्ही तुमच्या लॅपटॉपवर झेपतील. साधी वाट अशी: बॉक्स व्हॅलीन १ भोवती ठेवा, मधल्या पोकळीचं तोंड त्यात येईल इतका, बाजू २२ ते २५ अँगस्ट्रॉम पुरे. एक्झॉस्टिव्हनेस (शोध किती कसून घ्यायचा तो आकडा) ८ वरून ३२ करा, वेगवेगळ्या सीडने (यादृच्छिक सुरुवातीच्या आकड्याने) निदान पाच वेळा चालवा. मग प्रत्येक पोझमध्ये आल्डिहाइडचा कार्बन आणि व्हॅलीनचा नायट्रोजन यांच्यातलं अंतर मोजा. साडेतीन अँगस्ट्रॉमच्या आत असेल आणि नायट्रोजन, कार्बन, ऑक्सिजन हा कोन १०७ अंशांच्या आसपास असेल, तर गाठ पडायच्या आधीची ती खरीखुरी मांडणी असू शकते. स्कोअर –९ असो की –६, अंतर आठ अँगस्ट्रॉम असेल तर ती पोझ बाजूला ठेवा. दुसरी वाट कोव्हॅलंट डॉकिंगची: ऑटोडॉकमध्ये रेणूला अमिनो आम्लाची लवचीक बाजूची साखळी समजून बंध आधीच जोडायचा आणि उरलेला भाग कुठे वळतो ते शोधायचं. यात बंध होईल हे आपण गृहीत धरतो, होईल की नाही हे विचारत नाही. म्हणून दोन्ही वाटांचे निकाल शेजारी ठेवूनच निवड करायची.

इथे एक बारीक गोष्ट आहे, तिच्यावरून मी बरेच प्रबंध परत पाठवले आहेत. हायड्रोजन जोडताना सॉफ्टवेअर साखळीच्या पहिल्या नायट्रोजनला आपोआप तीन हायड्रोजन आणि धन भार देऊन टाकतं. तसा नायट्रोजन आल्डिहाइडवर हल्ला करूच शकत नाही, त्याची मोकळी इलेक्ट्रॉनची जोडीच गुंतलेली असते. हिमोग्लोबिनच्या अल्फा व्हॅलीनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू भार सोडतात तो आकडा) ७ च्या आसपास आहे, लायसिनच्या बाजूच्या साखळीचा मात्र १०.५ च्या घरात. रक्ताच्या पीएचला म्हणूनच व्हॅलीनचा मोठा हिस्सा भारमुक्त आणि तयार असतो, तर लायसिन जवळपास सगळे भारित. आल्डिहाइड डझनावारी लायसिन सोडून नेमका व्हॅलीन १ का गाठतो, याचं एक मोठं कारण हे आहे. तेव्हा प्रोटीन तयार करताना त्या नायट्रोजनवरचा जास्तीचा हायड्रोजन हाताने काढा आणि प्रबंधात तसं लिहा. परीक्षकाला त्या एका ओळीवरून कळतं की काम करणाऱ्याने रसायन समजून काम केलं आहे.

यातलं काहीही तुमच्या रेणूंवर लावण्याआधी पद्धतीची परीक्षा घ्या. ५ई८३ मधला व्हॉक्सेलोटर काढून बाजूला ठेवा, त्याची रचना शून्यापासून काढा (फाइलमधून उचललात तर आल्डिहाइडचा ऑक्सिजन आहे की बंधात गेला आहे ते डोळ्यांनी बघा), आणि रिकाम्या जागेत पुन्हा डॉक करा. स्फटिकातल्या जागेपासून सरासरी विचलन २ अँगस्ट्रॉमच्या आत आलं तर पद्धत या जागेसाठी चालते. एक सावधगिरी: हिमोग्लोबिनला सममिती आहे, दोन अल्फा साखळ्यांपैकी कुठल्याही व्हॅलीनवर रेणू आला तरी उत्तर बरोबरच आहे. आकडा मोठा आला म्हणून घाबरू नका, दुसऱ्या अल्फावर बसवून मोजा. त्यानंतर ज्ञात चांगले रेणू, म्हणजे व्हॉक्सेलोटर, ५-एचएमएफ, व्हॅनिलिन, आणि त्यांच्यासारखेच दिसणारे पण आल्डिहाइड नसलेले काही रेणू एकत्र मिसळून चालवा. व्हॅनिलिनच्या जागी व्हॅनिलिक आम्ल किंवा व्हॅनिलिल अल्कोहोल घ्या. इमाइन न करणारे हे रेणू तुमच्या पद्धतीत आल्डिहाइडच्या वर आले, तर ती पद्धत तुमच्या चाळीस रेणूंची क्रमवारी लावायच्या लायकीची नाही. हा निकालसुद्धा प्रबंधात छापण्यासारखा आहे, आणि खरं सांगायचं तर पहिल्या फेरीत असंच होईल.

आता हायड्रॉक्सियुरिया. ही तुलना काढूनच टाका. हायड्रॉक्सियुरिया हिमोग्लोबिनला चिकटून काम करत नाही. तो रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज हे विकर अडवतो आणि त्यातून गर्भातल्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढतं. शिवाय त्यात हायड्रोजन सोडून फक्त पाच अणू आहेत. व्हिनाचा स्कोअर अणूंच्या बेरजेने वाढतो, त्यामुळे पाच अणूंच्या रेणूला पंचवीस-तीस अणूंच्या रेणूसमोर उभं केलं तर कोण जिंकणार हे चालवण्याआधीच ठरलेलं असतं. 'आमचा रेणू प्रमाण औषधापेक्षा तिप्पट चांगला' असं वाक्य ज्या पेपरांत दिसतं, त्यांतल्या बऱ्याच जणांची गोम इथेच असते. तुलना करायचीच तर त्याच जागी बसणाऱ्या आणि साधारण तेवढ्याच आकाराच्या रेणूशी करा. तुमच्याकडे व्हॉक्सेलोटर आहे, २५ जड अणूंचा.

स्कोअरची पत किती, तेही एकदा आकड्यांत पाहून घ्या. खोलीच्या तापमानाला बंधनाची ताकद दहापट वाढणं म्हणजे मुक्त ऊर्जेत १.३६ किलोकॅलरी प्रति मोलचा फरक. १ मायक्रोमोलर म्हणजे सुमारे –८.२, १० नॅनोमोलर म्हणजे सुमारे –१०.९. अशा स्कोअर देणाऱ्या सूत्रांची प्रयोगाशी तुलना केली की चूक २ ते ३ किलोकॅलरीची निघते. नुसती २ ची चूक धरली तरी ताकदीत जवळजवळ तीसपट इकडेतिकडे. तुमच्या तक्त्यात –८.९ चा रेणू पाचवा आणि –८.६ चा अकरावा असा क्रम आहे, त्या ०.३ ला काही अर्थ नाही. आपल्याकडे जिनिंगवर कापसाची गाडी आली की व्यापारी वरून हात फिरवून भाव बोलतो, आणि ओलावा व धाग्याची लांबी नंतर कळते. स्कोअर हा तो वरचा हात आहे. त्याच्यावरून चाळीसातले पंधरा मागे ठेवता येतात, एक पुढे काढता येत नाही.

आणि समजा बंधन खरंच चांगलं निघालं, तरी हिमोग्लोबिन हे लक्ष्य इतर लक्ष्यांसारखं नाही. लाल पेशीत हिमोग्लोबिन सुमारे ५ मिलिमोलर इतकं दाटलेलं असतं. एखादं विकर अडवायचं तर औषध नॅनोमोलरमध्ये पोचलं तरी भागतं, कारण विकराचे रेणूच मोजके असतात. इथे पाचातला एक हिमोग्लोबिन रेणू पकडायचा म्हटला तरी पेशीत १ मिलिमोलर औषध गेलं पाहिजे. म्हणून व्हॉक्सेलोटरचा रोजचा डोस १,५०० मिलिग्रॅम होता. तुमचे रेणू डिझाइन करताना विरघळणं, रक्तातल्या अल्ब्युमिनपेक्षा लाल पेशीकडे जास्त जाणं, आणि आल्डिहाइड डिहायड्रोजनेजने यकृतात आम्ल होऊन न जाणं, या तीन गोष्टी स्कोअरपेक्षा जड आहेत. व्हॅनिलिन तोंडाने दिलं तर टिकत नाही, ते याच पायरीवर मागे पडलं.

व्हॉक्सेलोटरची पुढची कथाही माहीत असू द्या, कारण परीक्षक विचारतील. नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, ती रक्तातलं हिमोग्लोबिन वाढतं या पुराव्यावर. वेदनांचे झटके चाचणीत स्पष्टपणे कमी झाले नव्हते. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं, कारण जमा झालेल्या माहितीत झटके आणि मृत्यू यांचं पारडं औषध घेणाऱ्यांकडे झुकलेलं दिसलं. रेणू अपेक्षित जागी, अपेक्षित पद्धतीने बसत होता, स्फटिकाने ते दाखवलं होतं. तरीही असं झालं. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन घट्ट धरला की पेशी वाकत नाहीत, पण ऊतींना ऑक्सिजन सोडण्यातही तो आखडता हात घेऊ शकतो, ही शंका या सगळ्या गटावर आधीपासून आहे. तुमच्या प्रस्तावनेत 'सुरक्षित पर्याय' असे शब्द आहेत, ते खोडा. मोलगीच्या दवाखान्यात रांगेत बसलेल्या माणसाने आपला पेपर वाचला तर त्याची फसवणूक व्हायला नको, एवढं भान ठेवून लिहायचं. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं, २०४७ चं उद्दिष्ट ठेवून. तिथला भर तपासणी, समुपदेशन आणि हायड्रॉक्सियुरियावर आहे, आणि आज रुग्णाच्या उपयोगाचं तेच आहे.

एमडीबद्दल. एमडी वाईट नाही, माझं निम्मं आयुष्य त्यात गेलं आहे. पण चुकीच्या जागी बसवलेल्या रेणूवर एमडी चालवलं तर तो तिथेच बसून राहील, हीमच्या रिकाम्या खोबणीत तर नक्कीच, आणि १० नॅनोसेकंदांचा सपाट आरएमएसडी (सुरुवातीच्या जागेपासूनचं सरासरी विचलन) आलेख 'स्थिर संकुल' म्हणून छापला जाईल. हिमोग्लोबिनचे ५७४ अमिनो आम्ल, चार हीम आणि भोवतीचं पाणी धरलं की पेटीत पाऊण लाखाच्या आसपास अणू होतात. २ फेम्टोसेकंदांच्या पावलाने १०० नॅनोसेकंद म्हणजे ५ कोटी पावलं. तुमच्या लॅपटॉपवर ते आठवडे खाईल. शिवाय इमाइनची गाठ असलेल्या व्हॅलीनसाठी बलक्षेत्राचे (अणूंमधल्या बलांच्या सूत्रांचे) आकडे तयार मिळत नाहीत, ते बसवावे लागतात. हीमचेही नीट घ्यावे लागतात.

हिमोग्लोबिनच्या एमडीत एक वाद झाला, तो तुम्ही वाचावाच. २०१८ मध्ये मार्टिन कार्प्लस यांच्या गटाने (२०१३ च्या रसायनाच्या नोबेलमधले एक मानकरी) असं मांडलं की टी स्थितीतलं हिमोग्लोबिन लहान पेटीत आपोआप आर कडे घसरतं, आणि १५० अँगस्ट्रॉम बाजूची प्रचंड पेटी घेतली तरच टिकतं. मोठं नाव, मोठा दावा. पुढे गॅप्सिस आणि दे ग्रूट यांनी प्रत्येक पेटीत तोच प्रयोग अनेकदा चालवला आणि दाखवलं की पुरेशा आवृत्त्या घेतल्या तर पेटीच्या आकाराचा तो परिणाम उरत नाही. इतक्या जाणत्या हातांतही एकेका धावेवरून निष्कर्ष डळमळतो, तर आपण १० नॅनोसेकंदांची एकच धाव छापून काय सांगणार? एमडी कराल तेव्हा दोन-तीनच रेणूंवर करा, प्रत्येकाच्या वेगवेगळ्या सुरुवातीच्या वेगांनी निदान तीन धावा घ्या, आणि शेजारी व्हॉक्सेलोटरची तशीच धाव ठेवा. आरएमएसडीऐवजी मोजा हे: गाठ पडण्याआधीची मांडणी असेल तर ते कार्बन-नायट्रोजन अंतर किती टक्के वेळ साडेतीन अँगस्ट्रॉमच्या आत राहतं.

यंत्राचं म्हणाल तर आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो आणि दुपारी वीज जाते. डॉकिंग रात्री लावा. एमडीचा ग्रोमॅक्स प्रोग्रॅम दर पंधरा मिनिटांनी चेकपॉइंट (तिथवरच्या कामाची नोंद) लिहितो, वीज गेली तरी तिथून पुढे चालू करता येतं, फक्त त्या फाइलची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर जाईल अशी सोय करा. गूगलचं फुकटचं ऑनलाइन कोलॅब डॉकिंगला उत्तम, लांबच्या एमडीला मध्येच तुटतं. खरंच मोठी धाव लागली तर गाइडमार्फत जळगावच्या विद्यापीठात विचारा, किंवा पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या यंत्रावर वेळ मिळतो का ते पाहा. अर्जात 'पुनर्डॉकिंग इतकं आलं, ज्ञात रेणूंची क्रमवारी अशी आली' हे दोन तक्ते जोडले की अर्जाला वजन येतं.

अल्फाफोल्ड ३ (प्रोटीनची रचना भाकीत करणारी एआय प्रणाली) वगैरे वापरू का, असंही तुम्ही शेवटी विचारलं होतं. तुमच्या प्रोटीनची रचना स्फटिकातून हातात आहे, रेणूसकट. इथे त्याची गरज नाही.

प्रयोगाचा भाग मात्र आत्तापासून ठरवा, कारण संगणकाने निवडलेले तीन-चार रेणू तुमच्या प्रयोगशाळेत बनण्यासारखे आहेत. योग्य हायड्रॉक्सिबेन्झाल्डिहाइडवर एक इथर जोडणं हे एम.फार्म.च्या पातळीचं संश्लेषण आहे. नैतिक समितीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती घेऊन मिळालेल्या रक्ताच्या नमुन्यावर काम करायचं. आणि इथे एक खड्डा आहे, तो आधीच दाखवून ठेवतो. आपल्याकडे पेशी वाकवून पाहण्याची सोपी पद्धत म्हणजे काचपट्टीवर २ टक्के सोडियम मेटाबायसल्फाइट. स्वस्त आहे, सगळीकडे आहे, गाइड तीच सुचवतील. तुमच्या रेणूंसाठी ती चालणार नाही. पाण्यात मेटाबायसल्फाइटचं बायसल्फाइट होतं, आणि बायसल्फाइट आल्डिहाइडला धरून त्याचं संयुग करून टाकतं. हे तुम्ही बी.फार्म.ला आल्डिहाइडच्या परीक्षेत स्वतः केलेलं आहे. व्हॅलीनपर्यंत पोचायच्या आतच तुमचा रेणू संपेल आणि उत्तम रेणूही निकामी दिसेल. दुसरं, मेटाबायसल्फाइट ऑक्सिजन पूर्ण संपवतं, तर हे रेणू काम करतात ते थोडा ऑक्सिजन शिल्लक असताना. म्हणून पेशी आधी रेणूबरोबर ३७ अंशांना तासभर ठेवा, मग नायट्रोजनमध्ये ४ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन असलेल्या वायूखाली ठेवा, आणि वेळेच्या टप्प्यांवर फॉर्मॅलिनमध्ये थांबवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. मोजणाऱ्याला कुठल्या नळीत कोणता रेणू आहे ते माहीत नसावं. त्याच नमुन्यातलं थोडं हिमोग्लोबिन एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर) चालवून बदललेल्या हिमोग्लोबिनचं वेगळं शिखर येतं का ते पाहा. गाठ पडली की नाही, याचं थेट उत्तर तिथे मिळेल. वायूची नळकांडी मिळायला वेळ लागतो, तेव्हा डॉकिंगची नवी फेरी लावायच्या आधी तिची मागणी नोंदवून टाका.